आप्पासाहेबांच्या बोटीतलं पाणी

सकाळचा चहा घ्यायच्या आधी आप्पासाहेब शेडमध्ये गेले, बोटीच्या आत मागच्या टोकाला असलेल्या खड्ड्यात डोकावले आणि डोक्यावरची टोपी काढून तिथेच उभे राहिले. खड्ड्यात पाणी होतं.

काल दिवस मावळायच्या आत त्यांनी स्वतःच्या हातानं ते मगानं उपसलं होतं. मगात येईना तेव्हा स्पंजनं टिपलं होतं, आणि शेवटी मालनबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं खड्डा असा पुसला होता, की आत ज्वारी वाळत घातली असती तरी चाललं असतं. वर पत्रा होता. दिवाळीपासून आभाळात ढगही फिरकला नव्हता. आणि तरी त्या खड्ड्यात चांगलं मनगट बुडेल एवढं पाणी, तपकिरी, कोऱ्या चहाच्या रंगाचं, निवांत बसलं होतं.

"मालन! ए मालन, हिकडं ये गं जरा."

मालनबाई पिठाच्या हातांनीच आल्या. त्यांनी आत पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"काल काढायचं इसरलात का?"

"काढलं हुतं. तुझ्याकडूनच तर चिंधी मागून नेली मी."

"चिंधी मागितली ते खरंय. पुसलं का न्हाई, ते मी कुठं बघाय आल्ते?"

एवढं बोलून त्या तव्यावरची भाकरी करपेल म्हणून माघारी वळल्या. आप्पासाहेब विचार करत राहिले. चिंधी दोरीवर वाळत होती. म्हणजे ती ओली झाली होती. म्हणजे पुसलं होतं. पण ती चिंधी कालची ओली झालेली की परवाची? परवाही त्यांनी पाणी काढलंच होतं. का परवा काढलं होतं आणि काल नुसतं काढायचं मनात आलं होतं?

आप्पासाहेब मूळचे पाथर्डीकडचे. त्यांच्या गावात बायका टँकरच्या नळीखाली हंड्यांची रांग लावायच्या आणि अर्धं गाव कोयते घेऊन उसाच्या तोडीला जायचं. पोहता येणारा माणूस तिकडं क्वचित सापडायचा. ते एसटीत ड्रायव्हर म्हणून लागले आणि उमेदीची सगळी वर्षं स्टिअरिंगमागे गेली. शेवटची कितीतरी वर्षं त्यांची गाडी प्रवरासंगमच्या पुलावरून जायची. धरणाचा फुगवटा भरला, की पुलाच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर पाणी आणि त्यावर एखादी होडी. पॅसेंजर खिडकीतून हात जोडायचे. आप्पासाहेब एक डोळा रस्त्यावर ठेवून त्या होडीकडे बघायचे. ती कुठून वळते, कुठं थांबते, तिला ब्रेक नसताना ती काठाला कशी लागते, याचं त्यांना फार नवल वाटायचं.

मुलगा सुनील नेवाशाच्या एका शाळेत गणित शिकवायचा. त्यानं फुगवट्याच्या काठाजवळच्या गावात घर बांधलं आणि निवृत्तीनंतर आई-वडिलांना तिथं आणलं. गावाबाहेर एक हॉटेल कधीचं बंद पडलेलं होतं. त्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली एक जुनी मोटरबोट उघड्यावर पडली होती. मुंबईला बनलेली, पन्नासएक वर्षांमागची. फायबरची, निळी-पांढरी, पुढे वाकडी काच, दोन सीट आणि उजव्या हाताला काळं स्टिअरिंग. किती पावसाळे तिनं तसेच अंगावर घेतले होते कुणास ठाऊक. आत लिंबाचा पाला कुजून त्याची माती झाली होती आणि त्या मातीत एक रोपही उगवलं होतं. पण आप्पासाहेबांनी आत चढून स्टिअरिंगला हात लावला आणि तिथंच ते फसले. मालक म्हणाला, "न्या की. माझी जागा तरी मोकळी होईल." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून बोट घरी आली, तेव्हा पारावरच्या लोकांना दिवसभराचा विषय झाला, की पाथर्डीच्या माणसानं बोट आणली.

आणि आता ही बोट कोरड्या जमिनीवर, पत्र्याखाली, ओंडक्यांवर बसून रोज पाणी धरत होती.

आप्पासाहेबांनी सगळे संशय घेऊन पाहिले. आधी गल्लीतल्या पोरांवर घेतला. मग मालनबाई धुण्याचं पाणी टाकतात त्यावर घेतला, पण ते पाणी तिकडं शेवग्याच्या बुडाला जात होतं. मग त्यांना वाटलं, दव असेल. त्यांनी बोटीवर ताडपत्री घातली आणि कडेनं दोरी आवळून बांधली. सकाळी दोरीची गाठ जशीच्या तशी होती, ताडपत्री आतून कोरडी होती आणि खड्ड्यात पाणी होतं. ते वाकून बोटीच्या बुडाखाली गेले, हात फिरवला. बाहेरून थेंब नाही, ओल नाही. बाहेरून येत नाही, वरून येत नाही, मग येतं कुठून? जमिनीवर उभ्या असलेल्या बसमध्ये रोज सकाळी पॅसेंजर बसलेले सापडावेत, तसं काहीतरी हे होतं.

एका रविवारी सुनील त्यांच्याजवळ येऊन बसला. बोलायच्या आधी त्यानं घसा साफ केला, तेव्हाच आप्पासाहेबांना कळलं, की हा विषय बोटीचा नाही.

"आप्पा, आपण एकदा नगरला जाऊन डॉक्टरांना दाखवू या का?"

"कशाला? मला काय झालंय?"

"झालं काहीच नाही. पण बघा, मागे मोटार चालू राहिली आणि टाकी वाहून गेली. बाजारातून पिशवी तिथंच ठेवून आलात. ज्ञानेश्वरीला तुम्ही बनू म्हणून हाक मारता."

ज्ञानेश्वरी म्हणजे सून. बनू ही आप्पासाहेबांची धाकटी बहीण, वारून बरीच वर्षं झालेली.

"एकदा मारली आसंल."

"एकदा नाही, आप्पा." सुनील हळू आवाजात म्हणाला. "आणि आता हे बोटीचं. तुम्ही म्हणता पाणी काढलं. पाणी तर तिथंच असतं."

 आप्पासाहेबांना राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता.  त्या संध्याकाळी पाणी उपसताना ते मोठ्यानं बोलत राहिले, "आता मी मग घेतला. आता टाकलं. आता स्पंज घेतला." सकाळी खड्ड्यात पाणी होतं. आणि आपण जे मोठ्यानं बोललो ते कालचं की त्याच्या आदल्या दिवसाचं, याचाच त्यांना घोळ पडला.

तरी बोट पाण्यात घालायची हौस काही मागं हटेना. सुनीलनंच सांगितलं, की आधी फायबरचं काम करणाऱ्या माणसाला दाखवू. त्याच्या शाळेची घसरगुंडी ज्यानं बनवली होती तो सम्राट नगरहून मोटारसायकलवर आला. चाळिशीचा, बोलका. फायबरच्या घसरगुंड्या, संडासची दारं, पाण्याच्या टाक्या आणि विहारांसाठी मूर्ती, असं सगळं तो आपल्या कारखान्यात बनवायचा. बोट त्यानं आजवर केली नव्हती, पण फायबर ते फायबर.

"जय भीम आप्पा. काय म्हणतीय गाडी?"

"जय भीम. पानी म्हणतीय दुसरं काय." आप्पासाहेबांनी सगळं सांगितलं.

सम्राटनं बोटीला सगळीकडून टिचक्या मारल्या. कान लावला. मग मागच्या बाजूला आडवा होऊन त्यानं बुडाकडे बोट दाखवलं. अगदी खाली, मधोमध, फायबरमध्ये एक हिरवट गंजलेला पितळी नट बसलेला होता.

"ह्यो बघा. इथं कुणीतरी भोक पाडून नट ठोकलाय. हितनंच गळत आसंल."

"तो मला आधीपास्नं दिसतोय," आप्पासाहेब म्हणाले. "ऑईल चेंबरच्या बुडाला नट आसतो ना, ऑईल बदलायला? मला तर तसलाच वाटतोय. म्हणजे आतलं काढून टाकायला. मी खोलाय बघितला, पर डोकंच तुटून आलं त्याचं."

सम्राट हसला. "आप्पा, बसला ठीक हाय. पर बोटीच्या बुडाला कुनी जानूनबुजून भोक ठेवील का? बोट बुडंल ना!"

आप्पासाहेबांनी वाकून पुन्हा नटाकडे पाहिलं. बरोबर होतं. बोटीला भोक कोण ठेवील? पण मग नट इतका अचूक मधोमध, इतका सगळ्यात खाली कसा? महिनाभरापूर्वी असतं तर त्यांनी वाद घातला असता. चाळीस पॅसेंजरांचं ऐकून न घेता गाडी स्वतःच्या मर्जीनं हाकणारा माणूस. पण आता त्यांनी सुनीलकडे पाहिलं, आणि सुनील सम्राटच्या बाजूनं मान हलवत होता.

"पण बोट पाण्यात नाहीच, तर भोकातून पाणी आत येईल कसं?" सुनील मध्येच म्हणाला.

सम्राट विचारात पडला. "तेबी खरंय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पर पान्यात घातल्यावर तर येईल! बुजवलेलं बरं."  त्यानं ग्राइंडरनं नटाचं उरलेलं टोक घासलं, चिकट रेझिन कालवलं, वर फायबरची जाळीदार मॅट थापली आणि असा रंग दिला, की नट कुठं होता ते आप्पासाहेबांनाही बोटानं चाचपून सापडेना.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी होतंच. आप्पासाहेबांनी ते कुणाला सांगितलं नाही. गुपचूप काढून टाकलं.

बोटीला इंजिन नव्हतं. ते राधाकृष्ण नावाच्या मासेमाऱ्यानं आपलं जास्तीचं दिलं आणि बोटीच्या स्टिअरिंगला जोडूनही दिलं. फुगवट्यात जाळी टाकणारा, काठावरच राहणारा माणूस. बोट पाण्यात घालायच्या दिवशी तो आपली होडी घेऊन शेजारी थांबला होता. मालनबाईंनी नारळ फोडला. "मी बी येनार," त्या म्हणाल्या. "बुडालात तर कुनी सांगाय तरी पायजे." सुनीलनं दोघांच्या अंगात केशरी जॅकेटं घातली, पट्टे ओढून बघितले आणि आप्पासाहेबांना पुन्हा विचारलं, "आज सकाळी पाणी काढलं होतं ना, आप्पा?"

"काढलं हुतं."

बोट पाण्यात उतरली तसा राधाकृष्ण कपाळाला आठ्या घालून बघू लागला. "आप्पासायेब, लई खाली बसलीया ओ ही. दोन मान्सात बोट अशी बसत न्हाई. मागनं तर पारच टेकलीया."

"इंजिनाचं वजन आसंल," आप्पासाहेब म्हणाले. पण त्यांनाही ती जड वाटत होती. पहिल्यांदा स्टिअरिंग फिरवलं तेव्हा बोट लगेच वळली नाही. ओव्हरलोड झालेली गाडी घाटात वळते तशी, थोडा वेळ विचार करून वळली. तरी ती वळली! काठ मागं सरकला, काचेवर तुषार उडाले, आणि मालनबाईंनी एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा दंड धरला. आप्पासाहेबांना पुलावरून पाहिलेली ती सगळी वर्षं एकदम आठवली. त्यांनी स्टिअरिंगशेजारचा दांडा पुढं ढकलून वेग वाढवला.

बोटीचं नाक वर उचललं. त्याच क्षणी पायाखालून, फळीच्या आतून, मोठा घळघळ आवाज आला. कुणीतरी भरलेला हौद तिरपा केल्यासारखा. पुढून मागं काहीतरी धावत गेलं. मागचा खड्डा बघता बघता भरला, वर आला, आप्पासाहेबांच्या टाचा भिजल्या. बोटीचा मागचा काठ पाण्याशी समपातळीत आला, मग त्याच्याही खाली गेला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"आवो!" मालनबाई ओरडल्या. "आवो, पानी!"

"बस! उटू नको! मधी बस!"

राधाकृष्ण तोवर पोचला होता. त्यानं आधी मालनबाईंना ओढून आपल्या होडीत घेतलं. आप्पासाहेब कंबरेपर्यंत पाण्यात उभे होते. ते मात्र स्टिअरिंग सोडेनात. "सोडा ते आता, आप्पासायेब! हिकडं या!" त्यानं त्यांच्या जॅकेटला धरून ओढलं. दोर बांधून त्यानं अर्धी बुडालेली बोट काठाकडे नेली. मालनबाईंचे दात वाजत होते. "वल्ली झाले, पर मासा बनले न्हाई," असं त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं, आणि मग एकदम रडूही आलं.

काठावर सुनील गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आईला बघून झाल्यावर तो वडिलांकडे वळला.

"आप्पा, खरं सांगा. सकाळी पाणी काढलं होतं?"

आप्पासाहेबांना सकाळ आठवत होती. हातातला मग आठवत होता, स्पंज आठवत होता, दोरीवर टाकलेली चिंधी आठवत होती. सगळं लखलखीत आठवत होतं. पण असंच लखलखीत तर त्यांना रोजच आठवायचं. आज मालन बुडली असती. ज्या डोक्यावर भरवसा ठेवला त्यानं बायकोला बुडवलं असतं. त्यांनी ओठांवरून हात फिरवला.

"आठवत न्हाई," ते म्हणाले. "तू म्हणतोस तसं करू. डाक्टरकडं जाऊ."

सुनीलनं मान फिरवली. त्याला हेच हवं होतं, आणि ते मिळाल्यावर त्याचा चेहरा आणखीच पडला.

ट्रॅक्टर लावून बोट काठाच्या चढावर ओढली. वर नेऊन ट्रॉलीवर घालायचा बेत होता, पण अर्ध्या चढावर ट्रॅक्टरची चाकं चिखलात फिरू लागली. मग मागं दगड लावून बोट तिथंच ठेवली, नाक आभाळाकडे, मागची बाजू पाण्याकडे. मालनबाईंना ज्ञानेश्वरी घरी घेऊन गेली. आप्पासाहेब ओल्या धोतरात बांधावर बसून राहिले. सुनील बोटीत चढला आणि मागचं पाणी बादलीनं उपसू लागला. पाणी काढल्याशिवाय ट्रॅक्टरला ती ओढवणार नव्हती. त्यानं खड्डा तळापर्यंत मोकळा केला, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला, राधाकृष्णशी दोन शब्द बोलला, आणि परत वळला तर खड्ड्यात पाणी होतं.

त्यानं पुन्हा उपसलं. या वेळी तो तिथंच बघत उभा राहिला. फळीच्या खालून, एका कोपऱ्यातून, गढूळ पाण्याची एक धार निमूटपणे येत होती. खड्डा भरत चालला होता. भर दुपारी, त्याच्या डोळ्यांसमोर.

"आप्पा," तो म्हणाला. आवाज विचित्र आला. "आप्पा, मी आत्ताच काढलं होतं हे."

आप्पासाहेबांनी मान वर केली. "काय?"

"पाणी. आत्ता काढलं मी. राधाकृष्णदादा, तुम्ही बघितलंत ना?"

"व्हय की. माझ्यादेखत काढलं."

आप्पासाहेब उठले. धोतर सावरत बोटीपाशी आले, आत डोकावले आणि बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिले. मग मुलाकडे पाहिलं.

"इसरला असशील," ते म्हणाले.

राधाकृष्ण आधी हसला. मग सुनील हसायला लागला, आणि हसता हसता बोटीच्या काठावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सम्राटला फोन केला. तो आला, बोट बघितली, फळीवर पाय आपटून बघितला. पुढच्या बाजूला भद्द आवाज येत होता, ओल्या गोणीवर पाय दिल्यासारखा. "पानी आत हाय," तो म्हणाला. "बोट डबल तळाची हाय. वर फळी, खाली बोटीचं बूड, मधी पोकळी. पर ते एवढं पानी गेलं कसं आत, आन् निघत का न्हाई?"

"तो नट," आप्पासाहेब म्हणाले. पण आवाजात अजून खात्री नव्हती. "नट खोलून बघ."

सम्राटनं ड्रिल लावलं. परवाच थापलेली मॅट गेली, मग पितळ चकाकलं, मग ड्रिल एकदम आत घुसलं आणि भोकातून काळपट पाण्याची धार इतक्या जोरात सुटली, की सम्राटचा शर्ट भिजला. कुजक्या पाल्याचा वास काठभर पसरला. धार सुरूच राहिली. त्यांनी चहा घेतला, बिड्या ओढल्या, ती सुरूच होती. दिवस कलला तेव्हा ती बारीक झाली, पण थांबली नाही.

नंतरच्या दिवसांत सम्राटनं वरची फळी कापून काढली तेव्हा सगळं उघडं झालं. बोटीच्या पोटात लांबीच्या दिशेनं लाकडी तुळया होत्या आणि आडव्या पट्ट्यांनी कप्पे पाडले होते. कप्प्यांमध्ये पिवळा फोम ओतलेला होता, बोट बुडू नये म्हणून. हॉटेलच्या झाडाखाली पावसाळ्यामागून पावसाळे सीटच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत उतरलं होतं आणि तो फोम ते पीत राहिला होता. हातात घेऊन पिळला की वाहायचा. प्रत्येक आडव्या पट्टीच्या बुडाला बोटभर वाट ठेवलेली होती, म्हणजे आत आलेलं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून मागं खड्ड्यात आणि नटाच्या भोकातून बाहेर जावं. बोट जमिनीवर घेतली की नट खोलायचा, पाण्यात घालताना लावायचा. पण त्या वाटा फोमच्या चुऱ्यानं आणि लिंबाच्या मातीनं चोंदल्या होत्या. त्यातून पाणी झिरपत झिरपत रातभर मागं यायचं. बोट जोरात नाक वर करून उठली, तेव्हा सगळं एकदम मागं आलं आणि चोंदलेल्या वाटाही सुटल्या.

सम्राट पिळलेला फोम हातात धरून बसला. "आयला, आप्पा, म्हणजे भोक मुद्दामच हुतं की. आन् मी तेच बुजवलं!"

"मला तरी कुठं पटलं हुतं माझं," आप्पासाहेब म्हणाले.

मालनबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे रोज तुमी पुसत हुता?"

"पुसत हुतो."

"मंग मला वरडून सांगायचं की, पुसलंय म्हणून!"

"मलाच खात्री नव्हती गं, वरडू काय?"

नगरला जायचं ठरलेलं होतं. सुनील म्हणाला, "राहू द्या आता आप्पा, घाई नाही." पण आप्पासाहेबांनीच सकाळी टोपी घातली. "बोटीचं कळलं. माझं अजून कळलं न्हाई," ते म्हणाले. 

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी वार विचारला, गावाचं नाव विचारलं, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. आप्पासाहेबांना त्यातले दोन आठवले. तिसऱ्या शब्दासाठी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं, सुनीलकडे पाहिलं. सुनीलला तो माहीत होता, आणि तो जमिनीकडे बघत राहिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वयाच्या मानानं ठीक आहे, थोडा विसर पडतोय, रक्त तपासू, काही महिन्यांनी पुन्हा बघू. आता लगेच काही म्हणता येणार नाही.

परतीच्या एसटीत आप्पासाहेब खिडकीपाशी बसले. गाडी सुटल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे हाय का न्हाई?"

"थोडं आहे, थोडं नाही," सुनील म्हणाला. "त्यांनाही पक्कं सांगता येत नाही."

"बोटीचं बरं हुतं," आप्पासाहेब म्हणाले. "कापून तरी बघता आलं."

सम्राटनं फोम काढून टाकला, वाटा मोठ्या केल्या, तुळया नव्या घातल्या. वरच्या फळीला झाकणं ठेवली, म्हणजे आत डोकावता येईल. मागच्या भोकात नवा पितळी नट बसवला. तो काढायची-लावायची जबाबदारी मालनबाईंनी स्वतःकडे घेतली. त्या तो गळ्यातल्या दोऱ्यात ओवून ठेवायच्या, आणि बोट पाण्यात जाताना आपल्या हातानं आवळायच्या. आप्पासाहेबांनी याला हरकत घेतली नाही.

उन्हं तिरपी झाल्यावर एकदा दोघं निघाले. बोट आता हलकी होती. पाण्यावर बसत नव्हती, पळत होती. आप्पासाहेबांनी तिला मोठा वळसा दिला, पाणकावळ्यांचा थवा उडाला, मालनबाई खळखळून हसल्या. खड्डा कोरडा होता. आप्पासाहेबांनी तो दोनदा वळून बघितला. दूर पुलावरून एक बस जात होती.

वळसा पूर्ण झाला तेव्हा आप्पासाहेबांनी वेग कमी केला. समोर काठ होता, झाडी होती, एक मंदिराचा कळस होता. मागंही तसाच काठ होता. उजवीकडे ऊस होता, डावीकडेही ऊस. त्यांनी स्टिअरिंग थोडं एकीकडे फिरवलं, मग दुसरीकडे. ज्या पाण्याकडे इतकी वर्षं पाहिलं त्याच्या मधोमध ते होते, आणि आपण कुठल्या बाजूनं आलो ते त्यांना उमगेना.  बोट हळूहळू जागेवर फिरू लागली.

मालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.  पदर नीट केला, हात लांब केला आणि एका काठाकडे बोट दाखवलं.

"तिकडं घ्या," त्या म्हणाल्या. "गावच्या पांढऱ्या टाकीच्या अंगानं."

आप्पासाहेबांनी स्टिअरिंग वळवलं.